कारची बॅटरी भरणारा आणि अडल्या वेळी गाडी उठवणारा चार्जर : खान्देशातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या घरगुती गाड्या, पिकअप आणि ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं दिली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी धरावी.

जम्प-स्टार्टवाला चार्जर मागितला की दुकानदार तीन वेगळ्या वस्तू दाखवतो. नेमका फरक काय?

पहिली वस्तू ऑटोमॅटिक चार्जर. भिंतीतल्या प्लगवर चालतो, २ ते १० अँपिअर देतो, काही तासांत बॅटरी भरतो आणि भरत आली की करंट स्वतःच कमी करतो. गाडी मात्र लगेच उठवत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे ‘इंजिन स्टार्ट’चं बटण असलेला मोठा चार्जर. यालाही प्लग लागतोच. बटण दाबलं की काही सेकंदांपुरता ७५, १०० किंवा जास्त अँपिअर सोडतो. गॅरेजमध्ये चाकांवर ढकलत आणतात तो याचाच थोरला भाऊ.

तिसरी वस्तू लिथियमचा जम्प-स्टार्टर. पॉवर बँकेसारखा दिसतो, प्लग लागत नाही, रानात-रस्त्यात कुठेही चालतो. पण तो बॅटरी भरत नाही. खोक्यावर १२,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. हिशेब केला तर ती ऊर्जा सुमारे ४४ वॉट-अवर होते. छोट्या कारच्या ३५ एएच (अँपिअर-अवर) बॅटरीत भरलेल्या अवस्थेत ४२० वॉट-अवर असतात. म्हणजे अख्खा जम्प-स्टार्टर रिकामा केला तरी बॅटरीचा दहावा हिस्साच भरेल. त्याचं काम एकच : पाच सेकंद जोर लावून इंजिन फिरवणं.

बजेट कमी आहे. यातलं एकच घ्यायचं तर कोणतं?

गाडी घराजवळ उभी राहत असेल आणि तिथवर प्लग पोचत असेल, तर ४ ते ६ अँपिअरचा ऑटोमॅटिक चार्जर घ्या. साधारण दीड ते तीन हजारांत बरा मिळतो. बॅटरी बसण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा ती अर्धवट भरलेली राहणं हे असतं, आणि त्यावर इलाज फक्त चार्जर करतो.

तोरणमाळला जाणं-येणं आहे, सातपुड्यातल्या पाड्यांवर नोकरी आहे, रात्री-बेरात्री चोपडा-यावलच्या शेतरस्त्यांवर गाडी थांबते, अशांनी लिथियमचा जम्प-स्टार्टर आधी घ्यावा. तो साधारण साडेतीन ते सात हजारांत येतो. सवडीने चार्जरही घ्यावा.

प्लगवरचा ‘इंजिन स्टार्ट’ चार्जर घरगुती गाडीसाठी आम्ही सुचवत नाही. प्लग जवळ असेल तेव्हा तासभर चार्ज करायला बहुधा वेळही असतो, आणि प्लग नसतो तिथेच खरी गरज पडते. घरी ट्रॅक्टर, पिकअप आणि कार अशी तीन-चार वाहनं असतील तर मात्र तो परवडतो.

‘इंजिन स्टार्ट’ चार्जर घरातल्या साध्या पिनवर चालेल का?

स्टार्टच्या वेळी नाही. १२ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १,२०० वॉट, शिवाय ट्रान्सफॉर्मरमधली तूट. २३० व्होल्टच्या लाइनवरून तो ७-८ अँपिअर ओढतो. त्याला गिझर चालतो ती १६ अँपिअरची जाड पिन लागते, अर्थिंगसह. एक्स्टेन्शन लावायचंच तर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, आणि तीही पूर्ण उलगडून. गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापते. मोबाइलचं बारीक एक्स्टेन्शन लावलं तर व्होल्टेज वाटेतच पडतं, गाडी उठत नाही आणि वायर वितळते.

या यंत्रावर ‘५ सेकंद चालू, १८० सेकंद बंद’ असं काहीतरी छापलेलं असतं. ते पाळायचं. आधी दहा-पंधरा मिनिटं साध्या चार्जिंगवर ठेवून मग स्टार्टचं बटण वापरलं तर पहिल्याच सेल्फला काम होण्याची शक्यता बरीच वाढते.

माझ्या गाडीला किती अँपिअरचा चार्जर लागेल?

बॅटरीवर एएच लिहिलेले असतात, त्याचा दहावा भाग घ्या. लहान पेट्रोल कारची बॅटरी ३२ ते ३५ एएचच्या आसपास असते, तिला ३ ते ४ अँपिअर. डिझेल कार-जीपची ५० ते ८० एएच, तिला ५ ते ८. ट्रॅक्टरची बहुधा ७५ एएच किंवा वर. दहाव्या भागापेक्षा कमी करंट चालतो, वेळ जास्त लागतो इतकंच. जास्त करंटने बॅटरी तापते आणि पाणी उडतं.

वेळ काढायचं गणित : जितके एएच भरायचे, भागिले चार्जरचे अँपिअर, गुणिले १.२ किंवा १.३. ३५ एएचची बॅटरी अर्धी उतरली असेल तर साडेसतरा एएच भरायचे. ४ अँपिअरवर साडेपाच तासांच्या आसपास. ८० एएचची अर्धी उतरलेली ट्रॅक्टर बॅटरी ६ अँपिअरवर आठ तास घेईल, रात्री लावून सकाळी काढण्याजोगं.

मोटरसायकलही याच चार्जरवर करायची असेल तर १ अँपिअर किंवा त्याखालचा मोड आहे का ते बघा. ४ एएचच्या बॅटरीला ४ अँपिअर दिले तर तिची वाट लागते.

जम्प-स्टार्टरवर ‘पीक १,००० अँपिअर’ लिहिलंय. खरं मानायचं का?

पीक आकडा क्षणभराचा आणि जाहिरातीचा. खाली बारीक अक्षरात ‘स्टार्टिंग करंट’ वेगळा दिलेला असतो, तो बघायचा. दीड लिटरपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाला खरे २०० अँपिअर पुरतात. दोन-अडीच लिटरच्या डिझेलला ४०० तरी हवेत. दुसरा आकडा दिलेलाच नसेल तर ती वस्तू परत ठेवा.

चिमटेही पारखून घ्या. स्वस्त मालात वायर जाड दिसते, पण जाडी रबराची असते आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. टोकाशी सोलून बघता येत नसेल तर वजनावरून अंदाज येतो. चिमट्याचा स्प्रिंग कडक आणि दोन्ही जबडे वायरला जोडलेले हवेत. पुष्कळदा एकच जबडा करंट वाहतो आणि दुसरा नुसता शोभेचा असतो.

उलट जोडणी, शॉर्ट आणि उलटा करंट यांपासून संरक्षण देणारी चौकोनी डबी वायरवर असतेच असं नाही; असेल तोच घ्या. लिथियम पॅकवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा.

आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश जातं. चार्जरला त्याने काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि पुण्या-मुंबईच्या सल्ल्यावर चार्जर घेणारे नेमके इथेच फसतात.

साध्या पाण्याच्या बॅटरीला २५ अंशांना १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज करतात. बॅटरी तापली की हेच व्होल्टेज तिला जास्त होतं. दर अंशामागे ०.०२ ते ०.०३ व्होल्ट कमी करावं लागतं. म्हणजे ४५ अंशांना १४ च्या आत. चांगल्या चार्जरमध्ये तापमान मोजून व्होल्टेज खाली आणण्याची सोय असते. खोक्यावर ‘टेम्परेचर कॉम्पेन्सेशन’ लिहिलंय का पाहा. काहींवर बर्फाच्या चांदणीचं आणि सूर्याचं किंवा कारचं चित्र असलेले दोन मोड असतात; साध्या पाण्याच्या बॅटरीला आपल्याकडे चांदणीच्या मोडची गरज नाही, तो जास्त व्होल्टेजचा असतो.

ही सोय नसलेला चार्जर आधीच घेतला असेल तर उन्हाळ्यात दुपारी चार्जिंग करू नका. गाडी सावलीत लावून बॉनेट उघडी ठेवा, बॅटरी निवली की रात्री दहानंतर चार्जर लावा.

दर १० अंशांनी तापमान वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. तडाखा बसतो उन्हाळ्यात, पण बॅटरी बसल्याचं कळतं धुळ्याकडच्या डिसेंबरातल्या कडाक्याच्या पहाटेला. गारव्यात इंजिन ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीची ताकदही उतरते. म्हणून तीन वर्षं ओलांडलेली बॅटरी दिवाळीच्या सुमारास लोड टेस्टरवर, म्हणजे भार टाकून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्यावी. बहुतेक बॅटरीवाले दोन मिनिटांत करून देतात.

लिथियम जम्प-स्टार्टर गाडीतच ठेवला तर?

हिवाळा-पावसाळ्यात ठेवा. मार्च ते जूनमध्ये नको. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत तापमान सहज ६० अंशांवर जातं, डॅशबोर्डवर त्याहून जास्त. लिथियम सेल फुगतात, त्यांची ताकद जाते आणि प्रसंगी पेट घेतात. उन्हाळ्यात उतरताना सोबत घरात घ्या. गाडीत राहणारच असेल तर सीटखाली, कापडी पिशवीत, आणि गाडी सावलीत. दर तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. फुगलेला दिसला तर वापर तिथेच थांबवा.

गावात लाइट येते-जाते, व्होल्टेजही कमी असतं. कोणता चार्जर टिकेल?

जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर दणकट असतो, पण आत येणारं व्होल्टेज घसरलं की बाहेरचंही त्याच प्रमाणात घसरतं. २३० ला १६ व्होल्ट देणारा चार्जर १८० ला साडेबारा देतो. सुई हलत नाही आणि रात्र फुकट जाते. उलट व्होल्टेज वाढलं तर तो बॅटरी उकळवतो, कारण भरल्यावर थांबायची अक्कल त्याला नसते. एसएमपीएस प्रकारचा, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा हलका चार्जर कमी व्होल्टेजलाही बाहेर बरोबर व्होल्टेज देतो. ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असं लिहिलेला घ्या.

मेमरीचा प्रश्न बरेच जण विसरतात. लाइट जाऊन आली की काही चार्जर आधीच्याच मोडवर सुरू होतात, काही ‘स्टँडबाय’वर बसून राहतात. दुकानातच चालू करून, प्लग काढून, परत लावून बघा. ज्या भागात रात्रीतून दोनदा लाइट जाते तिथे मेमरी नसलेला चार्जर निम्म्या किमतीला मिळाला तरी महाग.

चार्जर लावायची बरोबर पद्धत काय?

इंजिन बंद, चावी बाहेर, खोली किंवा शेड हवेशीर. जवळ बिडी, समई, वेल्डिंग काही नको. चार्ज होताना हायड्रोजन निघतो आणि ठिणगीला स्फोट होतो. पाण्याची बॅटरी असेल तर झाकणं उघडून प्लेटा बुडालेल्या आहेत का पाहा. उघड्या असतील तर बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. वरच्या खुणेपर्यंत चार्जिंगनंतरच भरायचं, नाहीतर पाणी फुगून ॲसिड बाहेर येतं. बोअरचं पाणी चालत नाही. इकडच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. आरओचंही टाळा, त्यातही थोडे क्षार राहतात.

आधी लाल चिमटा पॉझिटिव्हला, मग काळा गाडीच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून हातभर दूर. मग भिंतीतला प्लग. काढताना आधी प्लग, मग काळा, शेवटी लाल. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, पाणी छिद्रात जाऊ देऊ नका. थर तसाच ठेवून लावलेला चार्जर बॅटरी भरलेली दाखवतो आणि ती भरलेली नसते.

जम्प-स्टार्टरने गाडी उठवायची कशी?

1. हेडलाइट, एसी, टेप बंद. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला.
2. वायर पॅकमध्ये घट्ट बसवा. लाल पॉझिटिव्हला, काळा इंजिनच्या उघड्या लोखंडाला किंवा गाडीच्या अर्थ पॉइंटला.
3. हिरवा दिवा लागला की अर्धा मिनिट थांबा.
4. सेल्फ जास्तीत जास्त ५ सेकंद मारा. नाही उठली तर मिनिटभर थांबा. तीन वेळा झालं की पुरे. त्यापुढे दोष बॅटरीत नाही किंवा पॅकची ताकद पुरत नाही.
5. गाडी चालू झाली की ३० सेकंदांच्या आत चिमटे काढा, आधी काळा. चालू अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनरेटरचा) करंट पॅकमध्ये शिरू देऊ नये.

बॅटरी अगदीच खलास असेल तर संरक्षणाची डबी तिला ओळखतच नाही. त्यासाठी ‘बूस्ट’ किंवा ‘फोर्स’ बटण असतं. ते दाबलं की उलट जोडणीचं संरक्षण बंद पडतं, म्हणून प्लस-मायनस दोनदा बघून मगच दाबा. उलटं लागलं तर मुख्य फ्यूज, अल्टरनेटरचे डायोड आणि नशीब वाईट असेल तर ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, सगळं एका ठिणगीत जातं.

गाडी उठली. अर्धा तास चालवली की बॅटरी भरते ना?

नाही भरत. जळगावहून भुसावळला जाऊन आलात तरी पूर्ण उतरलेली बॅटरी अर्धवटच राहते, त्यात उन्हाळ्यात एसी आणि पंखे करंट खात असतात. जागेवर उभं राहून रेस केल्याने तर फारच थोडं जमा होतं. त्याच रात्री चार्जर लावा. उतरलेल्या अवस्थेत बॅटरी पडून राहिली की प्लेटांवर कडक सल्फेट धरतं आणि काही आठवड्यांत ती परत येण्यापलीकडे जाते.

चार्जर लावला तर बॅटरी ओळखतच नाही. खराब आहे का?

ऑटोमॅटिक चार्जरला सुरू व्हायला बॅटरीत थोडं व्होल्टेज लागतं. कुणाला ५ पुरतं, कुणाला ८-१० हवं. चांगली १२ व्होल्टची बॅटरी जम्पर केबलने प्लसला प्लस, मायनसला मायनस अशी पाच-दहा मिनिटं जोडून ठेवा आणि मग चार्जर लावा. बॅटरी गोठलेली, फुगलेली किंवा फुटलेली दिसत असेल तर हे करू नये.

‘बॅटरी बसनी’ म्हणजे दोष बॅटरीचाच का?

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, निम्मे वाद मिटतात. रात्रभर उभ्या गाडीचं व्होल्टेज सकाळी मोजा : १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी १०.५ च्या आसपासच असेल तर सहापैकी एक सेल मेला. कोणताही चार्जर, कोणताही ‘रिपेअर मोड’ तो जिवंत करत नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे.

इंजिन चालू करून हेडलाइट लावा : १३.८ ते १४.५ हवं. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर किंवा बेल्ट बघा, १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर.

दोन्ही ठीक आणि तरी दर आठवड्याला बॅटरी बसते? मग काहीतरी गुपचूप करंट खातंय. केळी-कापूस वाहणाऱ्या पिकअपमध्ये बहुधा नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर किंवा टेप निघतो. गाडी लॉक करून अर्धा तास थांबून निगेटिव्ह वायरच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा. २० ते ५० मिलिअँपिअर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

सीलबंद बॅटरीवरचा हिरवा डोळा फक्त एका सेलचं सांगतो. उरलेल्या पाचांची हमी तो देत नाही.

इनव्हर्टरची बॅटरी किंवा शेतातलं सोलर पॅनेल वापरून चालेल?

इनव्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी अडल्या वेळी जम्पर केबलने लावता येते; आधी ती इनव्हर्टरपासून पूर्ण सोडवा. तिची रचना सेल्फसाठी नसते, म्हणून रोजची सवय नको. कारची ३५ एएच बॅटरी इनव्हर्टरवर चार्ज करणं मात्र चूक, तो १०-१५ अँपिअर ढकलतो.

पंपाचं सोलर पॅनेल थेट बॅटरीला लावू नका. एकेका मोठ्या पॅनेलचं मोकळं व्होल्टेज ४० च्या आसपास असतं. बंद पडून राहणाऱ्या गाडीसाठी १० ते २० वॉटचं १२ व्होल्टी पॅनेल चार्ज कंट्रोलरसह पुरतं.

ट्रॅक्टर किंवा ट्रकवरून करंट घेऊ का?

ट्रॅक्टर १२ व्होल्टचा असतो, चालेल. त्याचं इंजिन बंद ठेवून घ्या. ट्रक २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या. दोन्हींच्या टोकांवर चिमटे लावले तर कारची इलेक्ट्रॉनिक्स जातात. एकाच बॅटरीवरून, तीही जिचं निगेटिव्ह चासीला आहे तिच्यावरूनच घेता येतं. ती ओळखता येत नसेल तर ट्रकवाल्या दादांना नम्रपणे नाही म्हणा.

स्टार्ट-स्टॉप, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं काय?

स्टार्ट-स्टॉप म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्या. त्यांत ईएफबी (सुधारित पाण्याची) किंवा एजीएम (काचेच्या धाग्यांच्या गादीत ॲसिड शोषलेली) बॅटरी असते. एजीएमला चार्जरमध्ये वेगळा मोड हवा आणि १५ व्होल्टच्या वरचा रिपेअर मोड तिच्यावर वापरू नये. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो, काळा चिमटा तिथे न लावता बॉडीला लावा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतही वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती बसली की गाडी चालू होत नाही, काही तर रिमोटने उघडतसुद्धा नाहीत. कुठे चिमटा लावायचा ते त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच पाहा. केशरी वायरांना हात लावू नका, त्या जास्त व्होल्टेजच्या असतात.

चार्जरवर खर्च करू की नवी बॅटरीच घेऊ?

३५ एएचची नवी बॅटरी जुनी देऊन साधारण साडेतीन ते पाच हजारांत पडते. जुनी चार वर्षांची असेल आणि लोड टेस्टमध्ये नापास झाली असेल तर आधी बॅटरी. वॉरंटी शिल्लक असेल तर बिल शोधा, आणि विक्रेत्याकडे नेण्याआधी झाकणं फोडू नका. जुनी बॅटरी भंगारात फोडायला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि विक्रेता तिच्या शिशाचे पैसे नव्या बिलातून वजा करतो. वजावट बिलावर लिहून घ्या.